कामचात्काचा ८.८ आणि मुलुगूचा ५.३: मोठा भूकंप मोठा का होतो

प्रश्न गडचिरोली जिल्ह्यातून आला आहे, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एका मॅडमचा. थोडक्यात असा: ४ डिसेंबर २०२४ ला सकाळी साडेसातच्या सुमारास इकडे भांडी वाजली, मुलं घराबाहेर पळाली. तो तेलंगणातल्या मुलुगूचा ५.३ चा भूकंप होता. नंतर ३० जुलै २०२५ ला रशियाच्या कामचात्कामध्ये ८.८ चा झाल्याची बातमी आली. मुलं विचारतात, तिकडे एवढा मोठा का? आपल्याकडे तसा होईल का? बोअर मारल्याने भूकंप येतो का? तिकडच्या भूकंपाने इकडच्या बोअरचं पाणी हलतं म्हणतात, ते खरं का? आणि हे सगळं वर्गात हातांनी करून दाखवता येईल का?

मॅडम, सुरुवात नकाशावरचा लाल ठिपका पुसण्यापासून करा. टीव्हीवर दिसणारा तो ठिपका फक्त फाटणं जिथून सुरू झालं ती जागा दाखवतो. भूकंप ठिपक्यात होत नाही, तो एका पृष्ठभागावर होतो. हे एवढं मुलांच्या डोक्यात नीट बसलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

११ मार्च २०११ चा जपानचा तोहोकू भूकंप घ्या. त्यात सरकलेला पृष्ठभाग साधारण ५०० किलोमीटर लांब आणि २०० किलोमीटर रुंद होता, म्हणजे सुमारे एक लाख चौरस किलोमीटर. आपल्या अकरा जिल्ह्यांच्या विदर्भाचं क्षेत्रफळ ९७ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. मुलांना विदर्भाचा नकाशा काढायला सांगा. बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंत एकच सलग फरशी आहे, ती जमिनीखाली थोडी तिरकी आहे आणि ती अख्खी सरासरी १० मीटर सरकली, अशी कल्पना करायला लावा. समुद्रातल्या खंदकाजवळ, म्हणजे ही तिरकी फरशी जिथे समुद्राच्या तळाला येऊन मिळते तिथे, ही सरक ५० मीटरपर्यंत गेली होती. या सगळ्याला लागली जेमतेम तीन मिनिटं. फाटत जाणारं टोक सेकंदाला दोन-तीन किलोमीटर वेगाने धावतं. बुलढाण्याहून निघालं तर सव्वातीन-साडेतीन मिनिटांत गडचिरोलीला पोचेल. म्हणूनच मोठ्या भूकंपात जमीन मिनिटामिनिटांनी हलत राहते. २००४ च्या सुमात्रा-अंदमान भूकंपात फाट सुमारे १,३०० किलोमीटर पळाली आणि तिला आठ मिनिटांहून जास्त वेळ लागला.

आता आकडा कसा निघतो ते पाहू. हा हिशेब आठवीच्या मुलांना घातांक शिकवून झाल्यावर फळ्यावर करता येतो. तीन गोष्टींचा गुणाकार करायचा: खडकाचा ताठपणा, सरकलेल्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ आणि सरासरी सरक. ताठपणा ४० अब्ज पास्कल धरा, म्हणजे ४ गुणिले १० चा दहावा घात. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये १० चा अकरावा घात. सरक १० मीटर. गुणाकार ४ गुणिले १० चा बाविसावा घात न्यूटन-मीटर. याचा लॉग, म्हणजे ही संख्या १० चा कितवा घात आहे तो आकडा, २२.६. त्यातून सूत्रातला ठरलेला आकडा ९.१ वजा केला की १३.५ उरतात, त्याचे दोन-तृतीयांश ९.० होतात. हेच तोहोकूचं माप. इथे मुलं नेमकी एक चूक करतात: किलोमीटरचे मीटर करताना चौरस विसरतात. एक चौरस किलोमीटर म्हणजे दहा लाख चौरस मीटर, एक हजार नाही. उत्तर ७.० आलं तर चूक तिथेच आहे.

याच सूत्रात एक अंक वाढला की गुणाकार ३२ पट होतो. दोन अंकांना हजार पट. मुलुगू ५.३ आणि कामचात्का ८.८, फरक साडेतीन अंकांचा, म्हणजे पावणेदोन लाख पट. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा ६.२ आणि तोहोकूचा ९.० यांत सुमारे १६ हजार पट. तरी किल्लारीत हजारो माणसं गेली. माप भूकंपाचं असतं, नुकसानीचं नसतं. या मुद्द्याकडे पुढे परत येईन.

मग एवढा मोठा पृष्ठभाग तिथेच का मिळतो? गावातल्या कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, छपराकडे बघा. एक कवेलू दुसऱ्याच्या खाली तिरकं शिरलेलं असतं आणि दोघांचा एकमेकांना टेकलेला भाग बराच रुंद असतो. पृथ्वीचं वरचं कवच मोठमोठ्या सरकत्या तुकड्यांचं आहे, त्यांना प्लेट म्हणतात. समुद्राच्या तळाची जुनी, थंड, जड प्लेट शेजारच्या प्लेटखाली अशीच तिरकी दबत जाते. याला सबडक्शन म्हणतात. तिरकेपणा उथळ भागात फार कमी असतो, १०-१५ अंश. खडक ठिसूळपणे तुटायला तो फार गरम असून चालत नाही. साधारण ३५० अंश सेल्सिअसच्या पुढे तो तुटण्याऐवजी हळूहळू वाहू लागतो. खाली जाणारी प्लेट थंड असल्यामुळे तिथे ही मर्यादा ४०-५० किलोमीटर खोलीवर येते. १२ अंशांच्या उतारावरून ४० किलोमीटर खोल जायचं तर उतारावरचं अंतर सुमारे १९० किलोमीटर भरतं. एवढी रुंदी फाटायला मिळते.

याउलट उभी भेग बघा. १९०६ चा सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप. लांबी सुमारे ४७७ किलोमीटर, जवळपास तोहोकूएवढीच. पण भेग उभी आणि जमिनीतली ठिसूळ थर फक्त १०-१५ किलोमीटरची. माप आलं ७.९. लांबी तीच, रुंदी दहाव्या हिश्श्याहून कमी, सरकही कमी. नोंद झालेले ९ किंवा त्याहून मोठे भूकंप, म्हणजे १९५२ कामचात्का, १९६० चिली (९.५, आजवरचा सर्वांत मोठा), १९६४ अलास्का, २००४ सुमात्रा-अंदमान, २०११ तोहोकू, हे सगळे सबडक्शनचेच आहेत. यात योगायोग नाही, भूमितीच तशी आहे.

दोन प्लेटांच्या मधल्या धुऱ्यावर, म्हणजे त्या एकमेकींना टेकतात त्या सीमेवर, काय चालतं तेही समजून घ्यायला हवं. पॅसिफिक प्लेट जपान आणि कामचात्काकडे वर्षाला साधारण ८ सेंटीमीटर सरकते. धुरा गुळगुळीत असता तर रोज थोडं थोडं सरकून गेलं असतं आणि काहीच झालं नसतं. पण काही पट्टे घट्ट अडकलेले असतात. तिथे वर्षाचे ८ सेंटीमीटर खात्यात जमा होत राहतात. १९५२ च्या कामचात्का भूकंपानंतर २०२५ पर्यंत ७३ वर्षं झाली. ८ सेंटीमीटरने गुणलं की जवळजवळ ६ मीटर. ८.८ च्या भूकंपाला लागणारी सरक याच घरातली आहे. हा हिशेब मुलांना आवडतो, पण त्यांना लगेच हेही सांगा की खातं दर वेळी पूर्ण रिकामं होत नाही आणि मागची शिल्लक किती होती ते आपल्याला बाहेरून दिसत नाही. तोहोकूत खंदकाजवळ सरकलेले ५० मीटर ८ सेंटीमीटरच्या हिशेबाने सहाशे वर्षांची जमा होते.

अडकलेला पट्टा सुटेपर्यंत वरच्या प्लेटचं काय होतं, हे दाखवायला बांबूची कामटी पुरे. दीड-दोन फुटांची पातळ कामटी टेबलावर आडवी ठेवा. मागचं टोक एका मुलाने दाबून धरायचं. दुसऱ्याने पुढचं टोक बोटाने खाली दाबत मागे ढकलायचं. टोक खाली ओढलं जातं आणि मधला भाग फुगून वर येतो. बोट काढलं की टोक उसळून वर आणि फुगवटा खाली. समुद्रात उसळणारं टोक डोक्यावरचं सगळं पाणी उचलतं, ती त्सुनामी. फुगवटा जिथे बसतो तिथली जमीन खचते. २६ डिसेंबर २००४ ला ग्रेट निकोबारचं टोक, इंदिरा पॉइंट, सव्वाचार मीटर खाली गेलं. तिथलं दीपगृह पाण्यात आलं. त्याच भूकंपात उत्तर अंदमानचा काही किनारा वर उचलला गेला आणि प्रवाळ उघडे पडून मेले. एकाच देशात, एकाच सकाळी, एक बेट बुडालं आणि दुसरं वर आलं. कामटी हातात धरल्याशिवाय हे पटत नाही.

त्सुनामीच्या वेगाला एकच सूत्र: गुरुत्व त्वरण गुणिले पाण्याची खोली, त्याचं वर्गमूळ. ४,००० मीटर खोलीला सेकंदाला १९८ मीटर, म्हणजे ताशी ७१० किलोमीटर. किनाऱ्यापाशी २० मीटर खोलीत तोच वेग ताशी ५० वर येतो. पुढचं पाणी मंदावतं, मागचं येऊन चढतं, म्हणून लाट उंच होते. आपल्याकडे समुद्र नाही, पण आपली मुलं नोकरी-मजुरीला चेन्नई, विशाखापट्टणम, मुंबईकडे जातात. किनाऱ्यावर असताना जमीन मिनिटभर किंवा जास्त हलली तर इशाऱ्याची वाट न पाहता उंचावर जायचं, हे त्यांना आताच माहीत असलेलं बरं. मुंबईपर्यंतही एकदा त्सुनामी आली आहे, २८ नोव्हेंबर १९४५ ला, पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्यासमोरच्या ८.१ च्या भूकंपानंतर. तोही सबडक्शनचाच.

तोहोकूत तज्ज्ञ चुकले, आणि ती चूक मुलांना जरूर सांगावी. जपानच्या मियागी प्रांताच्या समोरच्या समुद्रात दर काही दशकांनी साडेसातच्या आसपासचा भूकंप यायचा. त्यावरून धुऱ्याचे तुकडे पाडले गेले आणि प्रत्येक तुकडा आपापल्या पाळीने सुटेल असं मानलं गेलं. २०११ ला अनेक तुकडे एकत्र सुटले. इ.स. ८६९ च्या जोगान भूकंपाच्या त्सुनामीने वाहून आणलेली वाळू सेंदाईच्या भातशेतांखाली सापडलेली होती. म्हणजे पुरावा होता, पण हिशेबात पुरेसा धरला गेला नव्हता. दुसरी चूक त्याच दिवशीची. जपानच्या हवामान संस्थेने तीन मिनिटांत इशारा दिला, पण पहिलं माप ७.९ आलं, कारण झटपट पद्धती लहान कालावधीच्या लाटांवर चालतात आणि फार मोठ्या भूकंपात त्या लाटांचा आकार एका मर्यादेपुढे वाढतच नाही. मियागीला ६ मीटर, शेजारच्या इवाते आणि फुकुशिमा प्रांतांना ३ मीटर लाटेचा पहिला इशारा गेला. तो नंतर वाढवला, पण तोवर वीज गेलेली होती आणि पुष्कळांपर्यंत वाढीव आकडा पोचलाच नाही. आज म्हणूनच लांब कालावधीच्या लाटा आणि जीपीएसने मोजलेली जमिनीची सरक यांवरून माप काढतात.

आता हातांनी करायचा प्रयोग. यावर एक पूर्ण तास द्या.

लागेल ते असं: चार फूट लांब, आठ-नऊ इंच रुंद सपाट फळी. ८० नंबरचा पॉलिश पेपर, तीन-चार कागद. दोन अर्ध्या विटा, प्रत्येकी दीड किलोच्या आसपास. सायकलची जुनी ट्यूब. सुतळी. पतंगाची चक्री, पण मांजा काढून टाकून. मोजपट्टी. फळीवर पॉलिश पेपर खरखरीत बाजू वर ठेवून फेव्हिकॉलने चिकटवा. सांधे एकावर एक येऊ देऊ नका, वीट तिथेच अडखळते आणि सगळे आकडे एका जागी जमतात. रात्रभर वाळू द्या. विटेच्या तळालाही तोच कागद चिकटवा. ट्यूबमधून ३० सेंटीमीटर लांब, २ सेंटीमीटर रुंद पट्टी कापा. तिचं एक टोक विटेला, दुसरं सुतळीला. विटेला बांधताना दोरी शक्य तितकी तळाजवळ हवी, वर बांधली तर वीट पुढे कलंडते आणि घसरण्याऐवजी नाक रुतवते. चक्री फळीच्या टोकाला खिळ्याने पक्की करा.

एक मूल चक्री फिरवेल, एकसारखी आणि सावकाश. हाताने सुतळी ओढू देऊ नका, हाताला झटके असतात आणि वीट त्या झटक्यांवर सरकते. सुरुवातीला रबर नुसतं ताणलं जातं, वीट जागची हलत नाही. हीच अडकलेल्या पट्ट्याची वर्षं. मग वीट एकदम उडी मारते. प्रत्येक उडीला दोन आकडे लिहा: मागच्या उडीपासून किती सुतळी गुंडाळली आणि वीट किती सरकली. वीस उड्या होऊ द्या. फळी संपली की वीट मागे आणून पुढे चालू. दहा-बारा उड्यांनंतर कागदात विटेची भुकटी भरते आणि घर्षण कमी होतं, म्हणून मधेमधे कोरड्या ब्रशने झाडा. रबर ताणलेलं असताना कुणी समोर उभं राहू नये. गाठ सुटली तर ते डोळ्यावर येतं.

वीस आकड्यांची बेरीज केली तर गुंडाळलेली सुतळी आणि विटेची एकूण सरक जवळजवळ जुळते. म्हणजे लांब काळाचा हिशेब पक्का आहे. पण सोळाव्या उडीनंतर मुलांना विचारा, सतरावी किती सुतळीवर येईल? प्रत्येकाचं उत्तर वहीत लिहून घ्या आणि मग चक्री फिरवा. बहुतेकांचं चुकेल. भूकंपाचा दिवस आणि वेळ कुणालाच सांगता येत नाही, हे भाषणाने पटत नाही, त्या सतराव्या उडीने पटतं. व्हॉट्सॲपवर ‘आज रात्री एक वाजता मोठा धक्का’ असा निरोप फिरतो तेव्हा हीच वही त्यांना आठवायला हवी. तोहोकूच्या दोन दिवस आधी तिथेच ७.३ चा भूकंप झाला होता, कामचात्काच्या दहा दिवस आधी ७.४ चा. पण ते पूर्वधक्के होते हे मोठा येऊन गेल्यावरच कळलं. एरवी ७ च्या पुढच्या बहुतेक धक्क्यांमागून त्याहून मोठं काही येत नाही.

मग दुसरी वीट जोडा, पहिलीच्या मागे, मधे १० सेंटीमीटरची रबरपट्टी. आता कधी पुढची एकटीच सरकते, कधी मागची, आणि मधूनच पुढचीच्या उडीने मागचीही सुटते, दोघी एकदम. ही एकत्र उडी आधीच्या दहा-बारा सुट्या उड्यांकडे बघून सांगता आली असती का? तोहोकूत झालं ते हेच.

एक छोटा बदल फार शिकवून जातो. रबर काढून वीट थेट सुतळीने ओढा. उड्या जवळजवळ थांबतात, वीट किरकिरत का होईना पण सरकत राहते. खरखरीतपणा तोच, वीट तीच. भूकंप नुसत्या घर्षणाने होत नाही. ताण साठवणारा मऊ, लवचिक भाग शेजारी लागतो. प्लेटांच्या बाबतीत तो शेकडो किलोमीटरचा खडकच असतो, जो किलोमीटरला काही सेंटीमीटर दबून तो ताण सांभाळतो.

शेवटचा बदल शेवटीच करा, कारण कागद वाया जातो. फळीच्या एका फुटात काळी माती ओली करून लेपा. वीट त्या भागावर आली की अडकतच नाही, आधी सुरू झालेली उडी तिथे लांबत जाते. हा खेळ नुसता गमतीचा नाही. २०१२ मध्ये चिक्यू या जपानी जहाजाने जवळपास सात किलोमीटर खोल पाण्यात, समुद्रतळाखाली ८०० मीटरहून जास्त भोक पाडून तोहोकूचा धुरा गाठला. तिथे पाच मीटरपेक्षाही पातळ चिकणमातीचा थर निघाला, आणि त्यातलं मुख्य खनिज स्मेक्टाइट. आपल्या कपाशीच्या काळ्या मातीत हाच खनिज-गट आहे. ते पाणी धरून फुगतं, उन्हाळ्यात वावराला हातभर भेगा पाडतं आणि पावसाळ्यात पांदणीत बंडी घसरवतं. त्या मातीने घर्षण इतकं कमी केलं की खंदकाजवळचा, कधीच फारसा सरकणार नाही असा मानलेला भाग ५० मीटर गेला. पावसाळ्यात काळ्या रानातून चालणाऱ्या मुलाला हे वेगळं समजवावं लागत नाही.

आता आपल्याकडचं. विदर्भात ९ चा भूकंप होऊ शकत नाही, आणि हे धीर देण्यापुरतं म्हणत नाही. एवढा मोठा, उथळ तिरका, अडकलेला पृष्ठभाग आपल्याखाली कुठेच नाही. आपण भारतीय प्लेटच्या आतल्या भागात आहोत. पश्चिमेला सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा काळा पाषाण, पूर्वेला त्याहून कितीतरी जुने खडक. जवळचे खरे धुरे म्हणजे हिमालय आणि अंदमान-सुमात्रा.

पण प्लेट वर्षाला साधारण ५ सेंटीमीटर वेगाने हिमालयाकडे ढकलली जाते आहे आणि तो दाब आतपर्यंत पोचतो. आत जुन्या, बुजलेल्या भेगा आहेत. चंद्रपूरचा कोळसा ज्या खोलगट पट्ट्यात साठला, तो वर्धा-प्राणहिता-गोदावरीचा पट्टा जमीन ताणून खचल्याने तयार झाला. त्याच्या कडांच्या भेगा आजही कधीमधी सरकतात. मुलुगूचा भूकंप याच पट्ट्यातला, १९६९ चा भद्राचलमचा ५.७ चाही. उत्तरेला नर्मदेच्या बाजूने आणखी एक तसा पट्टा आहे, तिथला १९९७ चा जबलपूरचा ५.८. मुलुगूची खोली राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राने ४० किलोमीटर दिली होती. खोल असल्यामुळेच तो नागपूरपर्यंत जाणवला, पण कुठेही जोरात आपटला नाही. किल्लारीचा दहा किलोमीटरच्या आतला होता. त्याने थोड्या गावांना धरलं, पण पुरतं धरलं.

बोअरचा प्रश्न याच आकड्यांनी सुटतो. दोनशे-तीनशे फुटांचा बोअर म्हणजे शंभर मीटरच्या आत. भूकंप काही किलोमीटरपासून चाळीस किलोमीटरपर्यंत खाली. बोअरने पाणी संपेल, भूकंप येणार नाही. मोठ्या धरणाच्या पाण्याने जवळपासच्या भेगांवर परिणाम होऊ शकतो. १९६७ चा कोयनेचा भूकंप त्याचं जगभर दिलं जाणारं उदाहरण आहे. पण त्यालाही खाली ताणलेली भेग आधीपासून असावी लागते.

म्हणून विदर्भात काळजी करायची ती पाच-साडेपाच ते सहाच्या उथळ भूकंपाची, आणि खरं तर घराची. किल्लारीत माणसं मेली ती दगडमातीच्या जाड भिंती आणि वरच्या मातीच्या जड धाब्याखाली. गोटे एकावर एक रचलेले, आतली आणि बाहेरची भिंत एकमेकींना न बांधलेली. हलताच दोन्ही बाजूंना उकलल्या. पूर्व विदर्भातलं कुडाच्या भिंतीचं, बांबू आणि कवेलूचं घर या बाबतीत पुष्कळ बरं, हलकं आणि लवचिक. धोका आहे तो आता उभ्या राहणाऱ्या अर्धवट घरांना: विटांच्या भिंती, वर स्लॅब, मधे पट्टा नाही. दारं-खिडक्यांच्या माथ्यावरून चारही भिंतींवर सलग फिरणारा ७५ मिलिमीटर जाडीचा काँक्रीटचा पट्टा, त्यात ८ मिलिमीटरच्या दोन सळ्या, दर १५० मिलिमीटरला ६ मिलिमीटरची सळी आडवी बांधलेली, एवढं छोट्या खोल्यांच्या एकमजली घराला फार मोठा आधार देतं. मिस्त्री हमखास चुकतात ते कोपऱ्यात. सळी भिंतीच्या टोकाला तोडतात आणि पुढची नव्याने सुरू करतात. सळी वळवून पुढच्या भिंतीत निदान दीड-दोन फूट न्यायला हवी. तुटलेला पट्टा हा पट्टाच नाही. दगडी भिंत असेल तर दर दोन फूट उंचीवर आणि दर चार फूट लांबीवर भिंतीच्या आरपार जाणारा एक लांब दगड घालायचा.

राहिलं पाणी. हे खरं असू शकतं. कामचात्का नागपूरपासून साडेसात हजार किलोमीटर आहे. भूकंप आपल्या वेळेने पहाटे ४ वाजून ५४ मिनिटांनी सुरू झाला आणि पहिल्या लाटा साधारण अकरा मिनिटांत विदर्भाखालून गेल्या. त्यांच्यामागून सेकंदाला साडेतीन-चार किलोमीटरने येणाऱ्या पृष्ठलाटा अर्ध्या-पाऊण तासाच्या दरम्यान पोचल्या. त्यांचा एक हेलकावा वीस-तीस सेकंदांचा असतो, म्हणून माणसाला काही जाणवत नाही. पण वरून-खालून घट्ट खडकाने बंद असलेला पाण्याचा थर या लाटांनी दाबला आणि सैल होतो, आणि त्यात उतरलेल्या बोअरमधलं पाणी नळीत वर-खाली होतं. १९६४ च्या अलास्का भूकंपात हजारो किलोमीटरवरच्या विहिरींमध्ये असं नोंदलं गेलं होतं. उघड्या, उथळ विहिरीत हे सहसा दिसत नाही, कारण तिथलं पाणी कोंडलेलं नसतं. दाब आला तर ते बाजूला सरकून मोकळं होतं.

तपासायचं असेल तर एक अट आहे. पातळीची नोंद दर सहा तासांनी घेणाऱ्या यंत्रात हे कधीच पकडता येणार नाही; हेलकावा वीस सेकंदांचा असेल तर निदान दर दोन-तीन सेकंदांना नोंद हवी. त्या काळात जवळपासच्या कुठल्याही बोअरची मोटार चालू नसावी. पहाटे पाच ते सहा हीच पंप सुरू करायची वेळ. गावात त्या सकाळी पाणी हललेलं दिसलं असेल, तर आधी शेजारच्या वावरातली मोटार किती वाजता लावली होती, हे विचारून घ्या.